मधला गडी

४ ऑगस्ट

ताई,

नमस्कार करतो. घ्यायचा तर घे, नाहीतर उंबऱ्याबाहेर राहू दे. "त्या करारावर सही केलीस तर मला पत्रसुद्धा टाकू नकोस," असं तू म्हणाली होतीस. मी सही केली आणि वर पत्रही टाकतोय. एका गुन्ह्यात दुसरा खपून जाईल. तू वाचणार नाहीसच, पण भावोजी वाचतील, आणि त्यांना मनात वाचता येत नाही. तेव्हा तू स्वयंपाकघरात कितीही भांडी आपटलीस तरी तुझ्या कानावर पडणारच.

क्लबनं खोली बघून दिली आहे. खाली लाँड्री, वर मी. खालच्या वाफेनं माझ्या भिंतीचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि मोजे न वाळवता वाळतात. लाँड्री घरमालकीणबाईंचीच. आमच्या संघाच्या जर्सी त्यांच्याकडेच धुवायला येतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "नवीन का? नंबर सांगून ठेव. कोणाला लागलंय ते मला आधी कळतं, डॉक्टरला मागाहून." त्या हसल्या म्हणून मीही हसलो.

माझी जागा तीच, शाळेतली. भावोजींना ठाऊक आहे, तुला सांगतो. रग्बीत दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, डोकी एकमेकांत घालून रेटारेटी करतात, त्याला स्क्रम म्हणतात. पहिल्या ओळीत तिघं. मी मधला. माझे दोन्ही हात शेजारच्या दोघांच्या अंगावर आवळलेले असतात. म्हणजे कोसळलो तर टेकायला हात नसतो. शेजारचे दोघं धरतील तेवढंच.

पण माझ्या उजव्या हाताला कोण आहे माहीत आहे? आमचा कप्तान. सगळे त्याला बुरूज म्हणतात. मी शाळेत होतो तेव्हापासून तो याच मैदानावर आहे. कान चुरगळून टाकलेल्या कागदासारखे, मान तर नाहीच. डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं. सगळ्या क्लबात मला नावानं हाक मारणारा तो पहिला. मी त्याला दादा म्हणतो.

पहिल्या दिवशी आम्हा सगळ्यांची डोक्याची परीक्षा झाली. क्लबच्या डॉक्टरबाई काही शब्द वाचून दाखवतात, ते थोड्या वेळानं परत म्हणायचे. आकडे उलटे सांगायचे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. हे मार्क जपून ठेवतात, आणि पुढे कधी डोक्याला लागलं की पुन्हा तीच परीक्षा घेऊन त्याच्याशी ताडून बघतात. मी रांगेत होतो, मागून दादा कानात म्हणाला, "सगळं येतं म्हणून सगळं सांगू नकोस. आज हुशारी केलीस तर उद्या तीच अंगाशी येते. चारपाच शब्द गीळ, जरा डगमग. मग लागलं तरी तेवढे मार्क पडतातच. कोणी बाहेर बसवत नाही."

मी शब्द गिळले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घाबरू नका, पहिल्या दिवशी होतं असं." बाहेर येऊन दादा आणि मी पोट धरधरून हसलो.

तू हसणार नाहीस. शाळेतल्या त्या एका सामन्याचं तू अजून धरून बसली आहेस.

तुझा ठोंब्या


२२ सप्टेंबर

ताई,

रेडिओवर माझं नाव नीट घेतलं का? भावोजींना विचार. शेवटी शेवटी मैदानात उतरवलं मला, पण उतरवलं. रेफरी ओरडतो, "वाका, धरा, भिडा!" त्या 'भिडा'नंतर जे होतं ते शाळेत कधी झालं नव्हतं. दोन ट्रकांच्या मध्ये सापडल्यासारखं वाटतं, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एका ट्रकचा पुढचा दिवा आपणच असतो. आम्ही जिंकलो. कपाळाला जरा खरचटलंय, बाकी ठीक.

त्या आनंदात दादानं घरी जेवायला नेलं. वहिनी फार चांगली आहे. तुझ्यासारखीच, आधी वाढते आणि मग टोमणे मारते. त्यांची मुलगी अजून शाळेत रुळायची आहे, एवढीशी. जेवताना तिच्या हातून पाण्याचा पेला कलंडला. थोडं पाणी दादाच्या मांडीवर गेलं. काहीच नाही, एवढंसं.

दादा नुसता थांबला. हात टेबलावर, मूठ वळलेली, आणि नजर कुठेच नाही. मी मुलीकडे बघितलं तर ती खुर्चीवरून उतरली, आपली ताटली उचलली आणि टेबलाखाली जाऊन बसली. रडली नाही, घाबरली नाही. रोज हात धुवायला उठावं तशी उठली. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "आणखी वाढू का?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं दादानं मान झटकली आणि मघाच्या विनोदाचं उरलेलं शेपूट पुरं केलं. मुलगी मात्र आम्ही उठेपर्यंत खालीच जेवत होती. तिचा एक पाय माझ्या बुटाला लागत होता.

थकतो माणूस. खेळाडूंच्या घरी असं असतंच.

निघताना दादा सोडायला येतो म्हणाला, तर वहिनीनं गाडीची किल्ली आधीच आपल्या मुठीत घेतली होती. "मला तसंही बाहेर जायचंय," म्हणाली. घरच्या चपला घालूनच आली.

तुझा ठोंब्या


१३ नोव्हेंबर

ताई,

मी ट्राय केला! चेंडू घेऊन थेट त्यांच्या रेषेपलीकडे. पेपरात फोटो आलाय, कात्रण सोबत घातलंय. फाडू नकोस, भावोजींना दे.

अक्षर तिरकं आलं असेल तर ते खोलीमुळे. दिवा काढून ठेवलाय, खिडकीच्या उजेडातच लिहितो. विजेची तेवढीच बचत.

तुला खोटं सांगून उपयोग नाही, तुला वासानंच कळतं. ट्राय मला आठवत नाही. सोमवारी कोचनं सगळ्यांना पडद्यावर सामना दाखवला तेव्हा मी पहिल्यांदा बघितला. माझा नंबर पाठीवर घालून जो पळत होता तो छान पळत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. म्हणतात, त्याच्या थोडं आधी समोरच्याचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला होता. डॉक्टरबाईंनी मला बाहेर नेऊन शब्द विचारले, आकडे विचारले, कागद बघितला आणि म्हणाल्या, "सुरुवातीला होते तेवढेच आहेत. जा." म्हणजे दादाचा हिशेब चोख निघाला.

घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "रक्त नव्हतं तुझ्या जर्सीवर. उलटी होती." मी म्हटलं, चिखल असेल. त्या जिना उतरल्या. संध्याकाळी दाराबाहेर सूप ठेवून गेल्या.

आता बरा आहे. खरंच बरा आहे.

तुझा ठोंब्या


१९ जानेवारी

ताई,

बस खाली आणि भावोजींनाही बसव. देशाच्या संघाच्या शिबिरासाठी माझं नाव चर्चेत आहे! निवड करणारे मोसमाच्या शेवटच्या सामन्याला येणार आहेत. कोचनं मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं, "तू आणि बुरूज मिळून ती पहिली ओळ धरलीत, तर तुझं काम झालं." दादानं ऐकलं आणि मला उचलून बर्फाच्या टाकीत टाकलं, कपड्यांसकट. आमच्याकडे अभिनंदन असंच करतात.

आणखी एक सांगायचं होतं. मोसमाच्या मध्यावर सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली. या वेळी म्हटलं, आपण खरं काय ते बघू या. उगाच, माझ्यापुरतं. एकही शब्द गिळला नाही. जीव लावून ऐकलं, जीव लावून सांगितलं, पायावर उभा राहिलो तेव्हा दात चावून उभा राहिलो. डॉक्टरबाईंनी बेरीज केली आणि म्हणाल्या, "छान. अगदी पहिल्याइतकेच."

पहिल्याइतकेच म्हणजे, मी मुद्दाम चुकलो होतो तेवढेच.

दादाला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" त्याला माझं म्हणणं कळलं नाही, की कळून त्यानं हसण्यावारी नेलं, मला समजलं नाही.

त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर तू आठवलीस. शाळेच्या त्या सामन्यात मी बेशुद्ध पडलो आणि डोळे उघडल्यावर तुला विचारलं, "आई कुठाय?" आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुला मैदानावर, सगळ्या पोरांसमोर, ते मला नव्यानं सांगावं लागलं आणि मी नव्यानं रडलो. मला यातलं काही आठवत नाही, तूच सांगितलंस. माझ्यासाठी आई एकदाच गेली. दुसऱ्या वेळचं सगळं तुझ्याकडेच राहिलं. सही करायच्या दिवशी तू एवढी का भडकलीस ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

पण ताई, देशाची जर्सी आहे.

तुझा ठोंब्या


५ मार्च

ताई,

उत्तर देऊ नकोस, पण ऐक. तुझ्याशिवाय हे बोलायला मला कोणी नाही.

दादाचं काही खरं नाही. चेंडू बाजूला गेला की तो आत टाकायचं काम माझं, आणि कोणाकडे टाकायचा त्याचा सांकेतिक शब्द कप्तान ओरडतो. दादा गेल्या वर्षीचे शब्द ओरडतो. मी त्याच्याजवळ जाऊन बुटाची नाडी बांधायला वाकतो आणि हळूच खरा शब्द सांगतो, मग तो तोच मोठ्यानं ओरडतो. कोणाला कळत नाही. आम्ही दोघं ते कधी बोललोही नाही. झाकली मूठ.

काल वहिनी लाँड्रीत आली. एकच चादर घेऊन आली होती, तीही धुतलेली. मला वरून खाली बोलावलं. यंत्रांच्या आवाजात कोणी ऐकणार नाही म्हणून तिथेच उभ्याउभ्या बोललो.

"मंगळवारी हे तिला शाळेतून आणायला गेले," ती म्हणाली. "मी कामावर होते. शाळेतून तिला घेतलं आणि मग घर सापडेना. क्लबच्या फाटकासमोर गाडी लावून बसून राहिले. काचा बंद. ती मागे. अंधार पडायला लागला तेव्हा रखवालदारानं बघितलं. तिनं चड्डी ओली केली होती, पण हाक मारली नव्हती. म्हणाली, बाबा थांबलेत म्हणून मी पण थांबले."

"डॉक्टरबाईंना सांग ना," मी म्हटलं.

"सांगून झालं. त्यांनी बोलावलं यांना. हसतहसत गेले, शब्द सांगितले, आकडे सांगितले, पास होऊन आले. त्यांचे पहिल्या दिवसाचे मार्क किती खाली आहेत हे तुला वेगळं सांगायला नको. घरी येऊन मला म्हणाले, मला संपवायला निघालीस का? मी बोलले तर ते नवरा-बायकोचं भांडण ठरतं. तू शेजारी उभा असतोस. तू बोललास तर ऐकावं लागेल."

मी म्हटलं, "वहिनी, एकच सामना राहिलाय. तेवढा होऊ दे."

तिनं चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तुझी मान कोणाच्या खांद्याला लागून असते रे, स्क्रममध्ये?"

"दादाच्या."

"मग तूच ठरव," म्हणाली आणि चादर तिथेच ठेवून गेली.

एकच सामना आहे, ताई. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस हे मी विचारत नाही, कारण ते मला माहीत आहे.

तुझा ठोंब्या


३१ मार्च

ताई,

भावोजींनी रेडिओवर ऐकलं असेल तर त्यांना वाटलं असेल की मला वेड लागलं. रेडिओवाल्यालाही तसंच वाटलं म्हणे. काय झालं ते माझ्याकडून ऐक.

स्टँड भरलेले होते. निवड करणारे काचेच्या खोलीत बसले होते. चिखल घोट्यापर्यंत. समोर माझ्यासारखाच एक नवा पोरगा मधला होता, पहिल्याच स्क्रमला माझ्याकडे बघून हसला, दातांवर खेळताना घालायचं निळं रबर. दादा सुरुवातीला झकास होता. अंगाला खेळ आठवतो ना, डोक्याला आठवला नाही तरी. मी मनात म्हटलं, निभावलं.

मग त्यांच्या रेषेजवळ आम्हाला स्क्रम मिळाला. आम्ही तिघांनी एकमेकांना आवळलं. रेफरी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा माझ्या कानात म्हणाला, "आपण कोणत्या रंगात आहोत?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, एवढ्या जवळून की त्याच्या पापणीवरचा चिखल दिसत होता. थट्टा नव्हती. शाळेच्या पहिल्या दिवशी वर्ग चुकलेल्या पोराचे डोळे होते ते.

"निळ्या," मी म्हटलं.

"आणि रेटायचं कुठे?"

"वाका," रेफरी ओरडला.

आम्ही वाकलो. माझे दोन्ही हात अडकलेले. समोर तो पोरगा, त्याचेही हात अडकलेले. मागून आमचे पाच जण आणि तिकडून त्यांचे पाच जण जोर लावायला टपलेले. आणि या सगळ्याचा एक कोपरा ज्याच्या खांद्यावर होता त्याला कुठे रेटायचं ते माहीत नव्हतं. तो चुकून आत वळला असता तर आधी माझी मान गेली असती, नाहीतर त्या हसऱ्या पोराची.

"धरा," रेफरी म्हणाला.

मी सोडलं. दोघांच्या अंगावरचे हात काढले आणि सरळ उभा राहिलो. ताई, स्क्रममधून असं कोणी उठत नाही. मागचा गडी माझ्या पायांवर आपटला, शिव्या सुरू झाल्या, रेफरीनं शिट्टी वाजवली. मी चालत कडेला गेलो. कोच किंचाळत होता, "आत जा! आत जा, गाढवा!" मी डॉक्टरबाईंसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "त्याला बाहेर काढा. त्याला आपला रंग माहीत नाही. आणि मलाही काढा. पहिल्या दिवशीची परीक्षा मी खोटी दिली होती."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. दादा एकटाच उभा होता, एक हात कमरेवर ठेवून. शिट्ट्या आणि शिव्या पडत होत्या आणि तो स्टँडकडे बघून हात हलवत होता. त्याला वाटलं, त्याचा जयजयकार चाललाय.

आम्ही हरलो. वरच्या गटातूनही घसरलो. कपडे बदलायच्या खोलीत कोणी माझ्याशी बोललं नाही. माझे बूट कोणीतरी बाहेर पावसात ठेवले होते. क्लबच्या मॅनेजरनं पेपरवाल्यांना सांगितलं की आम्हा दोघांचं पोट बिघडलं होतं, आणि मलाही तसंच सांगायला बजावलं. शिबिराचं म्हणशील तर फोन आला, माणूस फार सभ्य बोलला. "यंदा नाही," म्हणाला. पुढच्या वर्षाचं त्यानं काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डॉक्टरबाईंनी मोठ्या इस्पितळात पाठवून माझ्या सगळ्या तपासण्या करवल्या. मग समोर बसवून म्हणाल्या, "तुमची खरी सुरुवात मला माहीत असती तर मी तुम्हाला नोव्हेंबरातच थांबवलं असतं." मी विचारलं, आता? त्या म्हणाल्या, "आता थांबा." मी विचारलं, किती दिवस? त्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांचं उत्तर मला तेवढ्यात मिळालं.

तुझा ठोंब्या


१२ एप्रिल

ताई,

दादाकडे जाऊन आलो. मला जायचं नव्हतं, पण न जाणं त्याहून वाईट झालं असतं.

वहिनीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. दादा मागच्या अंगणात मुलीच्या सायकलची साखळी बसवत होता. हात काळे झाले होते. मुलगी शेजारी सायकल धरून उभी होती. मी म्हटलं, "दादा."

त्यानं वर बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग म्हणाला, "तू कोण रे?"

मी वहिनीकडे वळलो. तो रागानं म्हणाला असला तर मला चालेल, ताई. आयुष्यभर चालेल. मी तिच्याकडे बघत राहिलो, ती काहीतरी खूण करेल म्हणून. ती साखळीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "चहा टाकते." दादानं मान खाली घातली आणि साखळी पुन्हा दात्यांवर चढवायला लागला. ती पुन्हा निसटली. मुलीनं सायकल घट्ट धरली आणि त्याच्यापासून एक पाऊल मागे सरकली.

चहा घेऊन निघालो. फाटकापर्यंत वहिनी आली. "तू केलंस ते बरोबर केलंस," म्हणाली. मग म्हणाली, "उशिरा केलंस, पण बरोबर केलंस." तिनं ते प्रेमानंच म्हटलं. म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जात नाही. बाकी पुष्कळ जातं.

तर खोली सोडतोय. घरमालकीणबाईंनी सगळे कपडे इस्त्री करून दिले, रुमालसुद्धा. "जर्सी ठेवून घेऊ?" असं विचारलं. मी म्हटलं ठेवा.

गुरुवारच्या गाडीनं येतोय. मध्ये एकदा गाडी बदलायची असते. ते स्टेशन आपण लहानपणापासून बघितलंय, मावशीकडे जाताना तिथेच उतरायचो. पूल चढायचा, पलीकडच्या फलाटावर जायचं, एवढंच. गेल्या आठवड्यात इथल्या बाजारातून खोलीवर परत येताना मला दोनदा विचारावं लागलं. ऊन होतं, म्हणून असेल.

तू माझ्याशी बोलू नकोस. घरी नेऊन कोपऱ्यात बसव, भांडी आपट, भावोजींना माझ्याशी बोलायला बंदी घाल. सगळं चालेल. पण गाडी बदलायची त्या स्टेशनवर घ्यायला ये. पुलाखाली उभी राहा, मला लांबून दिसशील अशी.

रस्ता मला पाठ आहे. तरी ये.

तुझा ठोंब्या